काळविटाची पाटीलकी

आमच्या वावरात दोन उकिरडे आहेत. एक आमचा, गोठ्यामागं. दुसरा काळविटाचा, पडीक तुकड्याच्या मधोमध. आमच्यावर शेण, पाचट, चुलीतली राख असं सगळं येतं. काळविटाच्या उकिरड्यावर फक्त लेंड्या. ताज्या असताना काळ्या चकचकीत, चार दिवसांच्या उन्हानं राखाडी. सुरुवात थाळीएवढ्या जागेत होते, महिन्याभरात ती सुपाएवढी होते आणि हिवाळा संपेपर्यंत घोंगडी अंथरल्यासारखा पसारा होतो. तिथली माती खुरांनी उकरून भुसभुशीत झालेली असते आणि मधोमध एक खळगा असतो. तो बसण्याचा.

पुष्कळांना हे खोटं वाटतं, पण काळवीट स्वतःच्या लेंड्यांवरच बसतो. बसायला आजूबाजूला अख्खा माळ मोकळा असतो, तरीही. कारण ती घाण नाही, तो त्याचा सातबारा आहे. 'ही जागा माझी' हे दुसऱ्या नरांना वासानं कळवण्याची ती पद्धत. दिवसातून अनेकदा तो तिथं येतो, खाली मान घालून वास घेतो, पुढच्या पायानं चार वेळा उकरतो, भर घालतो आणि निघून जातो किंवा तिथंच पाय मुडपून बसतो. आमच्या कागदावर तो तुकडा आमच्या आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावावर आलेला आहे. त्याच्या हिशेबी तो त्याचाच आहे.

जमीन शिरूर कासार तालुक्यात, सिंदफणेपासून फार लांब नाही. खालचं रान काळं, कापूस-तुरीचं. वरचा तुकडा मुरमाड, बाजरी पिकली तर पिकली. मी नोकरीला बीडला. शनिवार-रविवार गावी जातो. 2018 च्या नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत तात्यांबरोबर, म्हणजे धाकट्या चुलत्यांबरोबर, बांधावर बसलो होतो. समोर पडकात एक पुरता काळा नर उभा. डाव्या शिंगाचं टोक बाहेरच्या बाजूला वाकलेलं, जणू कुणी तापवून वळवलंय. तात्या म्हणाले, "हे बग, पाटील आलं गस्तीला." त्या दिवशी शाळेच्या जुन्या वहीत पहिली नोंद केली. वही अजून चालू आहे.

बीड जिल्ह्यात काळवीट बघायला अभयारण्यात जावं लागत नाही. पाटोदा तालुक्यात 1994 पासून नायगाव मयूर अभयारण्य आहे, पण त्याच्या नावातच मोर आहे. काळविटांसाठी म्हणून राखलेलं जवळचं ठिकाण आष्टीच्या शेजारी, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. 1980 साली जाहीर झालेलं, सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, 2.17. आमच्याकडची हरणं राहतात ती गायरानात, पडकात, हरभऱ्यात, कापसाच्या मोडलेल्या रानात. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात. त्यामुळं त्यांच्याकडं बघण्याची सगळ्यात चांगली जागाही शेतकऱ्याचीच. संशोधकाला जीप, परवानगी आणि निधी लागतो. आपल्याला राखणीला जावंच लागतं.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. आपण सरसकट 'हरीण' म्हणतो. त्यात चितळ, सांबरही येतं आणि काळवीट, चिंकाराही. पण ही दोन वेगळी घराणी आहेत. चितळ-सांबराची शिंगं भरीव हाडाची, फांद्या फुटलेली. ती ठरावीक काळानं गळतात आणि नवी येतात. काळवीट हा गाय-बैल, शेळी-मेंढी यांच्या कुळातला. त्याचं शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि वर नखासारख्या द्रव्याचं टोपण, बैलाच्या शिंगासारखंच. ते आयुष्यभर एकच. म्हणून माळावर काळविटाचं शिंग सापडलं तर तो नर मेलेला आहे, एवढं नक्की धरावं. 'गळालेलं शिंग' अशी गोष्ट काळविटात नसते. कुणी तसं सांगून शिंग दाखवत असेल, तर त्याची माहिती तरी कच्ची आहे किंवा हेतू.

चिंकारा लहान, तांबूस आणि त्याच्या मादीलाही बारीक शिंगं असतात. काळविटाची मादी साधारणपणे बिनशिंगी. शासनाच्या पीक नुकसानभरपाईच्या निर्णयांत कंसात 'सारंग' आणि 'कुरंग' असे शब्द येतात. संस्कृत शिकलेल्या कुणा अधिकाऱ्यानं घातले असावेत. आमच्या तात्यांना मी ते वाचून दाखवले, तर म्हणाले, "हरबरा खानारं तेवढं सांग."

आता मुद्द्याचं. पाटलाचं वय किती?

तात्यांचं उत्तर तयार होतं. शिंगावरच्या कड्या मोजायच्या. त्यांनी हे हवेतून काढलेलं नाही. गाईच्या शिंगावर वेतागणिक कडं पडतं, त्यावरून जाणते लोक गाईची वेतं आणि वय सांगतात. हिरापूरच्या किंवा नेकनूरच्या बाजारात बैल घेताना दात बघतात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. जनावराचं वय अंगावर लिहिलेलं असतं, वाचता आलं पाहिजे, ही समज आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण काळविटाच्या शिंगावरच्या कड्या वर्षाला एक या हिशेबानं पडत नाहीत. त्या मोजून वय काढलं, तर दोन वर्षांचा पोरगा आजोबा ठरेल.

कड्या सोडाव्यात आणि पीळ बघावा. काळविटाचं शिंग मळसूत्रासारखं फिरत वर जातं. नर पाडसाला काही महिन्यांनी डोक्यावर खुंट दिसू लागतात, सरळ, बिनपिळाचे. मी कानाशी तुलना करतो. शिंग कानापेक्षा तोकडं आणि सरळ असेल, तर ते वर्षाच्या आतलं पोर. वर्षाच्या आसपास शिंग वळायला लागतं. दुसऱ्या वर्षात एक मोकळा, सैल पीळ दिसतो. अंग अजून मादीसारखं तांबूस-पिवळं. दोनाचे तीन होताना दुसरा, मग तिसरा पीळ चढतो आणि पाठीवरचा रंग गडद व्हायला लागतो. पूर्ण वाढलेल्या नराला तीन ते चार पीळ असतात. शिंगांची लांबी साधारण दीड-दोन फूट, क्वचित अडीचच्या जवळ. तिथून पुढं शिंगाची वाढ मंदावते, टोकं झिजतात, मोडतात. म्हणजे पहिली तीन-चार वर्षं शिंगावरून वाचता येतात. त्यानंतरचा मजकूर शिंगावर नसतो.

रंग तर आणखी फसवा. 'काळा तो म्हातारा, जितका काळा तितका जुना' असं सर्रास मानतात. वयाबरोबर नर गडद होत जातो, हे खरं. पाठ, मानेच्या बाजू आणि पायांच्या बाहेरच्या कडा काळसर होतात. पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीची वलयं पांढरीच राहतात, त्यामुळं चेहरा रंगवल्यासारखा दिसतो. पण हा काळेपणा नराच्या अंगातल्या संप्रेरकांशी बांधलेला आहे. निव्वळ वर्षांशी नाही. दक्षिणेकडं गेलं की पुष्कळ पुरे वाढलेले नर गडद तपकिरीवरच थांबतात. आणि एकाच नराचे केस झडून नवे येतात, तेव्हा त्याचा रंग बदलतो. माझ्या वहीत पाटील डिसेंबरात 'कोळशासारखा' आहे आणि मे महिन्यात 'विटक्या गोधडीसारखा'. मी पहिल्या वर्षी मेमध्ये तो दुसराच नर समजलो होतो. डाव्या शिंगाचं वाकडं टोक दिसलं, तेव्हा चूक कळली.

म्हणून ओळख पटवायची तर रंगावर जाऊ नये. शिंगांमधलं अंतर, टोकांची मोडतोड, कानाची चीर, चालण्यातला दोष हे धरावं. प्रत्येक नराच्या शिंगांचा फाकाटा वेगळा असतो. काहींची शिंगं उभी, जवळजवळ, काहींची इंग्रजी व्हीसारखी पसरलेली. दुर्बीण असेल तर चांगलंच, आठ पट मोठं दाखवणारी साधी पुरते. नसेल तर मोबाइलचा फोटो घरी येऊन मोठा करून बघावा. आणि पायी जाऊ नये. चालत्या माणसाला पाहून काळवीट लांबूनच सटकतो. बैलगाडीला मात्र बराच जवळ येऊ देतो. हे जुन्या शिकाऱ्यांना पक्कं माहीत होतं, गाडीआड लपून ते नेम धरायचे. मी तीच युक्ती वहीसाठी वापरतो.

इथं एक गंमत सांगण्यासारखी आहे. जमीनमालकानं आपल्या रानातल्या नरांवर वर्षानुवर्षं नजर ठेवायची, त्यांची वयं लावायची, हा अमेरिकेत, विशेषतः टेक्सासात, मोठाच उद्योग आहे. तिथं मालक झाडाला कॅमेरे बांधतात आणि नराची मान छातीत कुठं मिळते, पोट किती लोंबतं, पाठ किती वाकली यावरून तो तीन वर्षांचा की सहा, हे ठरवतात. मेलेल्या हरणाच्या जबड्यातल्या दाढांची झीज बघून वय काढण्याची त्यांची पद्धत 1949 साली सेवरिंगहाउस नावाच्या संशोधकानं मांडली. म्हणजे आपल्या बैलबाजारातलाच हिशेब, फक्त समोरच्या दातांऐवजी दाढा. आणि 1932 साली आपला काळवीटही तिथं नेऊन सोडला गेला. कुंपणाआडच्या त्या जमिनींवर तो इतका वाढला, की एलिझाबेथ केरी मंगल या बाईंनी काळविटाच्या वागण्यावर 1978 मध्ये जे जाडजूड पुस्तक काढलं, ते टेक्सासातल्या काळविटांवर. आपल्याकडं जॉर्ज शॅलर यांनी कान्हात आणि पुढं एम. के. रणजितसिंह यांनी देशभर फिरून मोलाचं काम केलं. पण जिथं काळवीट उभा आहे त्या वावराच्या मालकानं लिहिलेलं फारसं काही नाही. फरक हेतूचाही आहे. तिथला मालक वय लावतो ते कोणता नर शिकाऱ्याला विकायचा हे ठरवण्यासाठी. आपल्याकडं तो प्रश्नच नाही, आणि ते बरंच आहे.

शिंग जिथं थांबतं, तिथून पुढं वय वाचायचं ते वागण्यात. आणि हा भाग खरा रंगतदार.

तरुण नर टोळीनं राहतात. माझ्या वहीत त्यांचं नाव 'पोरं'. पाच, सात, कधी अकरा. त्यात सरळ शिंगांचीही असतात आणि दोन पिळांचीही. आईच्या कळपात वाढलेला नर जरा मोठा झाला की कळपाशी असलेला काळा नर त्याला पळवून लावतो. मग तो या टोळीत येतो. टोळीत दिवसभर चरणं, आणि मधूनमधून शिंगाला शिंग लावून ढकलाढकली. रेटतात, पीळ पिळात अडकतो, सोडवतात, पुन्हा चरायला लागतात. तालीमच ती. नर दीड वर्षाचा झाला की वयात येतो, पण त्याला जागा मिळायला अजून खूप अवकाश असतो.

जागा मिळवलेला नर एकटा राहतो. आमच्या पाटलाची जागा पडीक तुकडा आणि शेजारच्या दोन वावरांचा भाग मिळून असेल चार-पाच हेक्टर. मध्ये मुख्य उकिरडा, कडेनं आणखी दोन-तीन छोटे. आणि काड्या. त्या मला दोन वर्षांनी दिसल्या. बांधावर बाभळीची एक वाळकी फांदी आहे, माझ्या मांडीच्या उंचीवर. तिच्या टोकाला काळपट, चिकट थर होता, डांबराचा थेंब वाळावा तसा. काळविटाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली एक फट असते, तिच्यात ग्रंथी असते. तो मान वाकडी करतो, फट उघडतो आणि काडीचं टोक अलगद तिच्यात घेऊन घासतो. डोळ्यापासून बोटभर अंतरावर काटेरी काडी, आणि इतक्या सावकाश, की सुईत दोरा ओवणारी बाई आठवावी. मी बोट लावून वास घेतला. मला काही कळलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

माद्यांचा कळप हद्दीत शिरला की पाटलाची चाल बदलायची. नाक आभाळाकडं, त्यामुळं शिंगं पाठीवर आडवी. कान खाली पाडलेले, शेपूट वर वळवून पाठीला लावलेलं. पावलं आखडती आणि टेचात. घशातून घुर्र असा आवाज. मादी निघून जायला लागली की तो वळसा घालून पुढं जातो, हद्दीतून तिनं जाऊ नये म्हणून. ती बहुतेक वेळा जातेच. सात वर्षांच्या वहीत मी मिलन प्रत्यक्ष पाहिलं ते फक्त तीनदा, दोनदा फेब्रुवारी-मार्चात आणि एकदा पोळ्यानंतर. वीण वर्षभर होऊ शकते, पण जोर या दोन हंगामांत. गाभणकाळ सहा महिन्यांच्या आसपास, पाडस एकच.

गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरच्या गवताळ रानात वेगळाच प्रकार चालतो. तिथं डझनावारी नर जवळजवळ, जेमतेम अंगणाएवढ्या जागा धरून उभे राहतात आणि माद्या त्या बाजारात येऊन निवड करतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कविता ईश्वरन आणि सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. माद्यांचे कळप मोठे असले की असे बाजार भरतात. आमच्याकडं कळप पंधरा-वीसचे, विखुरलेले. त्यामुळं प्रत्येक नर आपापली लांबरुंद जागा सांभाळून एकटा. त्याच संशोधनातली आणखी एक गोष्ट वाचून मी दुसऱ्या दिवशी गाव गाठलं होतं. वेळावदरचे जागा धरलेले नर वेड्या बाभळीच्या शेंगा खातात, बिया लेंड्यांतून त्यांच्या उकिरड्यांवर पडतात आणि तिथंच रुजतात. काळविटाच्या प्रेमप्रकरणांमुळं गवताळ रानात काटेरी बाभूळ पसरते, असा 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा सारांश. आमच्या उकिरड्यावर बसून मोजलं तर वेड्या बाभळीची चौदा रोपं होती. तात्या इतकी वर्षं पक्ष्यांना शिव्या देत होते.

जागा धरणं महागात पडतं. पोरं चांगला चारा असेल तिकडं जातात. पाटील चारा संपला तरी जागा सोडत नाही. हद्दीवर फेऱ्या, शेजाऱ्याशी रोजची खडाजंगी, माद्यांमागं पळापळ. नर जागा धरतो ती कायमची नाही. काही आठवडे, फार तर काही महिने, मग खंगून सोडतो किंवा हाकलला जातो, पुन्हा ताकद आली की पुन्हा येतो. पाटील 2018 पासून पाच हिवाळे आला. दर वेळी उन्हाळ्यात गायब, पोरांच्या टोळीत तोंड खाली घालून चरताना दिसायचा, विटका. मग पावसाळ्यानंतर एक दिवस उकिरड्यावर ताज्या लेंड्या.

2023 च्या फेब्रुवारीत त्याची पाटीलकी गेली. रविवारची सकाळ, हरभरा घाट्यावर. दुसरा नर, तीन पिळांचा, पण रंगानं अजून चॉकलेटी, पाठीवर काळं नुकतंच चढत असलेलं. दोघं समांतर चालत होते, दहा-बारा हातांवर, एकमेकांकडं न बघता, दोघांचीही नाकं वर. असं तीनदा बांधापर्यंत आणि परत. मग अचानक खाली माना. शिंगं भिडल्याचा आवाज लाकडाच्या मोळ्या आपटल्यासारखा आला. पीळ अडकले आणि दोघं गोल फिरायला लागले, धूळ उडाली, पाटलाचे मागचे गुडघे टेकले. सगळं मिळून दीड मिनिट असेल. सुटले तसा पाटील वळला आणि पळाला. चॉकलेटी नर शंभरेक पावलं मागं गेला, थांबला, परत आला आणि सरळ उकिरड्यावर जाऊन उकरायला लागला. दोघांपैकी जास्त काळा होता तो हरला. रंगावरून पैज लावली असती तर मीही हरलो असतो.

त्यानंतर पाटील म्हातारा होताना दिसला. काळविटाला रानात दहा-बारा वर्षांचं आयुष्य लाभू शकतं, पण म्हातारपण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. एके काळी त्याच्यामागं चित्ता असायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी चित्ते आणि ते हाताळणारे चित्तेवान होते आणि काळविटाची शिकार त्यांच्याकडून व्हायची. चित्ता गेला, काळविटाचा ताशी 80 किलोमीटरचा वेग उरला. आता मागं लागतात ती गावातली मोकाट कुत्री. ती वेगानं नाही, चिवटपणानं मारतात. शिवाय बिनकठड्याच्या विहिरी आणि रात्रीचे रस्ते. जखमी हरणं आमच्या तालुक्यात तागडगावच्या 'सर्पराज्ञी' वन्यजीव केंद्रात उपचाराला नेतात. पाटील यातल्या सगळ्यांतून वाचला. 2024 च्या हिवाळ्यात त्याची माकडहाडाजवळची हाडं वर आलेली, पोट लोंबलेलं, मान बारीक, उजव्या कानाला चीर. पोरांच्या टोळीत तो कडेला असायचा आणि दोन पिळांचं पोरगंही त्याला बाजूला सारायचं. हरभऱ्याचे शेंडे तो कुरतडायचा नाही, ओढून तोडायचा. मला वाटतं, दात.

हरभऱ्याचा विषय निघालाच आहे. नुकसान होतं, खोटं कशाला बोलू. पेरणीनंतर उगवलेलं सोयाबीन, मूग आणि थंडीतला हरभरा, यांचे शेंडे रात्रीतून जातात. पण वही सांगते की खाणारा कळप माद्यांचा आणि पोरांच्या टोळीचा. एकटा जागेवाला नर किती खाणार? लोक मात्र राग काढतात तो त्याच्यावर, कारण दिवसा तोच दिसतो. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज करावा लागतो, मग पंचनामा. रक्कम हातात येईस्तोवर पुढचा हरभरा पेरून होतो हा अनुभव, पण अर्ज करावा. कुंपणात लाइटीच्या खांबावरची तार सोडण्याचा वेडेपणा कुणी करू नये. तिच्यावर हरणाआधी आपलं माणूस चिकटतं. शिकारीबद्दल तर बोलायलाच नको. मार्च 2025 मध्ये आमच्याच तालुक्याचं नाव हरणांच्या शिकारीवरून राज्यभर झालं. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला किमान 3 वर्षं कैद. विहिरीत पडलेला, कुत्र्यांनी धरलेला प्राणी दिसला तर 1926 हा वनविभागाचा क्रमांक आहे.

2025 च्या मे महिन्यात तात्यांचा फोन आला. ओढ्यात कवटी पडलीय म्हणाले. गेलो. कोल्ह्या-कुत्र्यांनी बाकी काही ठेवलं नव्हतं, कशानं मेला ते कळायला मार्ग नव्हता. डाव्या शिंगाचं टोक बाहेर वाकलेलं. खालचा जबडा थोडा लांब पडला होता. दाढा जवळजवळ सपाट, मधला तपकिरी भाग उघडा पडलेला, एक गळून तिची खोबण भरून आलेली. तात्या उकिडवे बसून बैलाचे बघावेत तसे बघत होते. म्हणाले, "गाळा झाल्ता." शिंगं घरी न्यावी असं मलाही वाटलं, पण कायद्याच्या 39 व्या कलमानुसार अशा प्राण्याचा कुठलाही अवशेष सरकारी मालमत्ता असतो. वनरक्षकाला कळवलं. तो दुपारी आला, मोजमाप घेतलं, कवटी पोत्यात घातली. पंचनाम्यात त्यानं 'काळवीट, प्रौढ नर' एवढंच लिहिलं. 2018 च्या नोव्हेंबरात तीन पीळ आणि पूर्ण काळा, म्हणजे तेव्हाच तीनच्या पुढचा. वहीच्या हिशेबानं मरताना तो किमान नऊ वर्षांचा होता.